बायोसची नोंद कुणाच्या वहीत?

नातेपुते हे माळशिरस तालुक्यातलं, पुण्याहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गावरचं बाजाराचं गाव. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम इथं करते. साधारण त्याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी पोरं आणि त्यांचे आईबाप सेवा केंद्रांसमोर रांगा लावून उभे असतात. अशा दिवशी केंद्रातला संगणक सुरूच झाला नाही, तर एखाद्या मुलीच्या प्रवेशाची मुदत हुकू शकते. म्हणून विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या पानावरचा, डिस्कच्या सेटिंगचा विषय मला नुसत्या मेकॅनिकचा वाटत नाही.

ज्या दोघांचं बोलणं पुढं मांडतो आहे, ती एकाच घरातली. दिराचं संगणक दुरुस्तीचं दुकान आणि भावजयीचं सेवा केंद्र, असे दोन गाळे शेजारी शेजारी आहेत. ती एकमेकांना ज्या नात्यानं हाक मारतात, तीच नावं इथं ठेवली आहेत.

घडलं ते थोडक्यात असं. केंद्रातला जुना डेस्कटॉप सकाळी सुरू केला तर काळ्या पडद्यावर ओळ आली : सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. एफ-वन दाबल्यावर विंडोजचं चिन्ह दिसलं, क्षणभर निळा पडदा चमकला आणि मशीन आपोआप पुन्हा पहिल्यापासून. असं चारदा झालं. भाऊजी आले, डिलीटची कळ दाबून आत शिरले, एका ओळीवर काहीतरी बदललं, एफ-टेन दाबून बाहेर पडले. विंडोज नेहमीसारखं उघडलं. मग त्यांनी नवा सेल बसवला आणि जाता जाता बायोसला पासवर्ड टाकला. वादाला तोंड फुटलं ते त्या पासवर्डावरून.

वहिनी : भाऊजी, मशीन चालू झालं, बरं झालं. पण तुम्ही आत जाऊन केलं काय, ते तरी सांगा.

भाऊजी : काही विशेष नाही. मदरबोर्डवरचा सेल बसला होता. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो गेला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. एक सेटिंग परत जागेवर आणलं.

वहिनी : कोणतं?

भाऊजी : साटा मोड. आयडीईवर गेला होता, तो एएचसीआय केला.

वहिनी : आणि पासवर्ड कशाला?

भाऊजी : म्हणजे कुणी आत जाऊन खेळ करणार नाही. केंद्रात दिवसभर पोरं बसलेली असतात.

वहिनी : मग हा सेल पुन्हा बसला, आणि तुम्ही त्या दिवशी अकलूजला गेलेले असलात तर?

भाऊजी : सेल गेला तर अशा जुन्या डेस्कटॉपचा पासवर्डही पुसला जातो. तुम्हाला आत जाता येईल.

वहिनी : म्हणजे ज्या दिवशी गडबड होणार, त्या दिवशी पासवर्ड नसणार. आणि बाकी सगळे दिवस मला माझ्याच मशीनचं पान दिसणार नाही. असा पासवर्ड काय कामाचा?

भाऊजींना याचं उत्तर लगेच सुचलं नाही, आणि मला वाटतं वादाचं मर्म याच प्रश्नात आहे. पण आधी तो निळा पडदा का आला, हे समजून घेतलं पाहिजे.

हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात बोलण्याची एक रीत ठरलेली असते. जुनी रीत आयडीईची. साटाची केबल आली तेव्हा इंटेलनं २००४ मध्ये एएचसीआय नावाची नवी रीत प्रसिद्ध केली. तीत डिस्कला एका वेळी ३२ पर्यंत कामं सांगून ठेवता येतात आणि डिस्क ती आपल्या सोयीच्या क्रमानं उरकते. बायोसमधल्या साटा मोड या ओळीवर यातली एक रीत निवडायची असते. विंडोज टाकताना ते समोर दिसणाऱ्या रीतीचा ड्रायव्हर पक्का करतं. विंडोज ७ तर ज्या रीतीची गरज नाही, तिचा ड्रायव्हर सुरुवातीच्या यादीतून काढूनच टाकतं. पुढं कधी बायोसनं रीत बदलली की विंडोजला आपली स्वतःचीच डिस्क सापडत नाही. ते शून्य एक्स सेव्हन-बी हा आकडा दाखवून थांबतं. डिस्कवरचं एक अक्षरही तोवर हललेलं नसतं.

वहिनी : मग कंपनीनं मूळ सेटिंगच आयडीई का ठेवलं? नवी रीत चांगली असेल तर तीच आधीपासून लावायची.

भाऊजी : एक्सपीमुळं. एक्सपी आलं २००१ ला, एएचसीआय त्याच्यानंतरचं. एक्सपीच्या सीडीत तो ड्रायव्हरच नव्हता. एएचसीआयवर एक्सपी टाकायचं तर सुरुवातीला एफ-सिक्स दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यावा लागायचा, आणि फ्लॉपी तर तोवर कुणाकडं उरली नव्हती. गिऱ्हाइकाची अडचण नको म्हणून बऱ्याच बोर्डांवर आयडीई हेच मूळ सेटिंग राहिलं. आपलं मशीन त्यातलंच. मी विंडोज ७ टाकताना एएचसीआय केलं होतं, नंतर त्यावरच १० चढवलं.

वहिनी : हे तुम्ही केलं होतं, ते लिहून कुठं ठेवलंय?

भाऊजी : लिहायचं काय त्यात? माझ्या डोक्यात आहे.

वहिनी : आणि सेल का गेला? घरातल्या घड्याळाचा सेल बदलतो तसा हा बदलायचा असतो, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

भाऊजी : आपण रात्री बोर्डाचं बटणच बंद करतो ना. पिनमध्ये वीज असते तोवर मदरबोर्ड आतल्या घड्याळासाठी तीच वापरतो. बटण बंद केलं की सगळा भार त्या सेलवर. सुट्टीत महिनाभर केंद्र बंद राहिलं तर तेवढा महिना तो एकटा घड्याळ चालवतो. तसं पाहिलं तर तो कळवतो आधी. तारीख मागं जाते. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळं सुरक्षित नाहीत असा इशारा येतो, डिजिटल सही चालत नाही.

वहिनी : तारीख तर गेल्या आठवड्यापासून मागं जात होती. मी रोज नीट करत होते. मला वाटलं इंटरनेटचं काहीतरी असेल.

भाऊजी : तेव्हाच मला हाक मारली असतीत तर आजची सकाळ वाया गेली नसती.

वहिनी : तेच तर म्हणते मी. तारखेचा आणि डिस्कचा संबंध मला ठाऊक असता, तर मारली असती की हाक.

इथं भाऊजींची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हट्टाची नाही. ते १९९७ च्या सुमारास या कामात आले. तेव्हा डिस्क बसवणं म्हणजे तिच्या वरच्या चिकटपट्टीवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे वाचून बायोसमध्ये हातानं भरणं. बायोसच्या तक्त्यात डिस्कचे ठरलेले प्रकार असत, आणि स्वतःचे आकडे भरायचे तर बहुतेक बोर्डांवर ४७ नंबरचा प्रकार निवडावा लागे. एका केबलवर दोन डिस्क असल्या तर मागच्या पिनांवरची टोपी सरकवून एक मास्टर, दुसरी स्लेव्ह करायची. टोपी चुकली की दोन्ही गायब.

भाऊजी : त्या काळात जुन्या ४८६ मध्ये मोठी डिस्क लावली की ५०४ एमबीच दिसायची. बायोसला सिलिंडर मोजता यायचे १०२४, आयडीई डिस्कला हेड सांगता यायचे १६, आणि सेक्टर ६३. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करा, ५२८४८२३०४ बाइट. त्याच्या पुढची डिस्क असून नसल्यासारखी. मग ही मर्यादा ओलांडायला एलबीए आलं, लार्ज आलं. नॉर्मल, लार्ज, एलबीए, तीन पर्याय. आता ऐका, एका गिऱ्हाइकानं भरलेली डिस्क असताना एलबीएचं नॉर्मल केलं. का, तर नॉर्मल म्हणजे चांगलंच असणार असं त्याला वाटलं. बायोस आता प्रत्येक सेक्टर भलत्याच ठिकाणी शोधायला लागलं. नुसतं बघितलं असतं तर चाललं असतं. त्यानं डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला. त्या प्रोग्रामनं चुकीच्या पत्त्यांवर दुरुस्ती लिहिली. सगळा हिशेब गेला. मी तेव्हा शिकाऊ होतो. त्या माणसाचा चेहरा बघून ठरवलं, गिऱ्हाइकाला या पानावर येऊ द्यायचं नाही.

वहिनी : त्याला ठाऊक असतं, की डिस्क भरली तेव्हा एलबीए होतं, तर त्यानं बदललं असतं का?

भाऊजी : ठाऊक असायला त्याला समजायला तर हवं.

वहिनी : समजायला नको. मला व्याज कसं काढतात ते बँकेइतकं समजत नाही, पण माझ्या पासबुकातला आकडा मला ठाऊक असतो. त्यानं फक्त चिठ्ठी बघून म्हणायचं होतं, इथं एलबीए लिहिलंय, हात लावायचा नाही.

मला वहिनींचं हे म्हणणं पूर्ण पटतं, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. आयबीएमनं १९८४ मध्ये पीसी-एटी हा संगणक आणला, तेव्हा डिस्कचा प्रकार सेलवर चालणाऱ्या चिपमध्ये पहिल्यांदा साठवला जाऊ लागला. ते सेटिंग भरायचा प्रोग्राम त्या मशीनच्या आत नव्हताच. तो डायग्नोस्टिक्सच्या फ्लॉपीवर होता आणि ती फ्लॉपी मशीनबरोबर मालकाला मिळायची. सेल बदलला की फ्लॉपी घालून मालकानं आपल्या डिस्कच्या प्रकाराचा क्रमांक पुन्हा भरायचा, अशी अपेक्षा असे. म्हणजे हे पान मुळात मालकाचंच होतं. पुढं प्रोग्राम बोर्डावरच्या चिपमध्ये गेला, आकडे आपोआप ओळखले जाऊ लागले, आणि आपोआप होतं म्हणून मालकाचं तिकडं बघणंही थांबलं. सोय झाली हे खरं. पण आपोआप ओळखल्या जातात त्या डिस्कच्या मापाच्या गोष्टी. विंडोज कोणत्या रीतीवर टाकलं होतं, हे बायोस आपोआप ओळखत नाही. ते कुणीतरी लिहूनच ठेवावं लागतं.

न लिहिल्याचे परिणाम भाऊजींनीच सांगितले. शेजारच्या गावातल्या एका कृषी सेवा केंद्राचा संगणक असाच सेल जाऊन बंद पडला. मालकानं तो जवळच्या एका दुकानात नेला. तिथं सांगितलं, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. खतं, बियाणं, उधारी, सगळा हिशेब टॅलीत आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर. फॉरमॅट मारलं, नवं विंडोज टाकलं, पैसे घेतले. मालक टॅली उघडायला गेला तर कोरी पाटी. डेटा परत काढायला तो मशीन घेऊन भाऊजींकडं आला. थोडा निघाला, बराचसा नवं विंडोज वर लिहिलं गेल्यामुळं गेला.

वहिनी : त्या दुकानदाराला साटा मोड ठाऊक नव्हता?

भाऊजी : असेल ठाऊक. पण तपासत बसण्यापेक्षा फॉरमॅट सोपं. अर्ध्या तासाचं काम, पैसे तेवढेच. खरं तर निळ्या पडद्यावर तो आकडा दिसला की आधी बायोसमध्ये जाऊन मोड बघायचा. एएचसीआय असेल तर आयडीई करून बघायचं, आयडीई असेल तर एएचसीआय. दोन मिनिटांचं काम. डिस्क एकटी असेल तर त्यात नुकसान काही नाही.

वहिनी : आणि त्या मालकाच्या हातात कागद असता, एएचसीआय लिहिलेला, तर त्यानं म्हटलं असतं ना, फॉरमॅटच्या आधी एवढं बघा.

भाऊजी : म्हटलं असतं. पण वहिनी, तुम्ही एकटी डिस्क धरून बोलताय. एका पतसंस्थेत दोन डिस्कची जोडी होती, रेडची. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. कुणा हुशार पोरानं इंटरनेटवर वाचलं, एएचसीआय वेगवान असतं. त्यानं रेडचं एएचसीआय केलं. दोन डिस्क वेगळ्या दिसायला लागल्या, मशीन त्यातल्या एकीवरनं चाललं, दिवसभराच्या नोंदी एकीवरच झाल्या. संध्याकाळी घाबरून परत रेड केलं. आता जोडीतली खरी कोणती आणि शिळी कोणती? तिथं मी स्वतः हात लावला नाही, आधी दोन्हींच्या प्रती काढून घ्या म्हटलं.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. पानावर रेड लिहिलेलं दिसलं तर ते घाईनं बदलू नये. काही कंपन्यांचे संगणक डिस्क एकच असली तरी रेड या सेटिंगवरच कारखान्यातून येतात, तिथंही ते तसंच राहू द्यावं. बदलायचंच असेल तर विंडोज १० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत रीत आहे : आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, मग बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की ते नव्या रीतीचा ड्रायव्हर स्वतः लावून घेतं, त्यानंतर सेफ मोड काढून टाकायचा. नुसती वेगाच्या हौसेपोटी मात्र हे करू नये. फिरत्या डिस्कवर रोजच्या दाखल्यांच्या आणि टायपिंगच्या कामात आयडीई आणि एएचसीआयमधला फरक जेमतेम जाणवतो. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी लावली तर जो फरक पडतो, त्याच्यापुढं तो काहीच नाही.

वहिनी : आता लॅपटॉपचं बोलू. तिथं तरी ही कटकट संपली का?

भाऊजी : नाव बदललं, कटकट तीच. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचं सेटिंग आलंय. ते चालू असलं की नवं विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. डिस्क सापडली नाही असं येतं आणि माणूस समजतो डिस्क मेली. ड्रायव्हर पेन ड्राइव्हमधून दिला की दिसते. काही जण ड्रायव्हर शोधण्यापेक्षा व्हीएमडी बंद करून विंडोज टाकतात. तेही चालतं. पण उद्या बायोस अपडेट केलं, किंवा कुणी लोड डिफॉल्ट्स दाबलं, की व्हीएमडी परत चालू. आणि मग तोच निळा पडदा.

वहिनी : म्हणजे १९९७ ला एलबीए, नंतर एएचसीआय, आता व्हीएमडी. प्रश्न एकच आहे ना? विंडोज टाकलं त्या दिवशी इथं काय होतं?

भाऊजी : हो. प्रश्न एकच.

वहिनी : मग त्याचं उत्तर मशीनच्या मालकाकडं नको?

भाऊजी थोडे थांबले आणि त्यांनी आपलं सर्वांत वजनदार कारण काढलं. एका कॉलेजच्या मुलानं लॅपटॉपच्या बायोसमध्ये हौसेनं पासवर्ड टाकला. तो बायोसचा पासवर्ड नव्हता, हार्ड डिस्कचा होता. त्याच पानावर, दोन ओळी खाली. हा पासवर्ड बायोसच्या चिपमध्ये नसतो, डिस्क स्वतःलाच कुलूप लावून घेते. बॅटरी काढा, सेल काढा, डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, काही उपयोग होत नाही. मुलगा पासवर्ड विसरला. प्रकल्पाचं काम, फोटो, सगळं आत. काही बोर्डांवर तर सिक्युअर इरेज नावाचाही पर्याय असतो. जुनी डिस्क विकण्याआधी लोकांच्या आधारच्या प्रती पुसायला तो चांगला, पण चुकून दाबला तर परत काही मिळत नाही.

वहिनी : त्या मुलाला दोन पासवर्डांतला फरक कुणी सांगितला होता?

भाऊजी : कोण सांगणार?

वहिनी : लॅपटॉप विकणाऱ्यानं. तुमच्यासारख्यानं. भाऊजी, मी एमएस-सीआयटीच्या वर्गात चार वर्षं शिकवलं. फाईल कशी बनवायची, प्रिंट कशी काढायची, पॉवरपॉइंट, सगळं. त्याच्याआधी येणारं हे निळं-करडं पान कुणाला दाखवलं नाही, कारण मला वाटायचं ते आपलं नाही. माझ्या हाताखालनं शिकून गेलेली किती मुलं आज स्वतःची केंद्रं चालवतात. लोकांची जातीची प्रमाणपत्रं, सातबारे, बँकेची पासबुकं त्यांच्या डिस्कवर आहेत. २०२३ मध्ये लोकांच्या वैयक्तिक माहितीचा कायदा आला. काही गेलं तर विचारणार कुणाला? केंद्र चालवणाऱ्याला. मेकॅनिकला नाही.

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम एमकेसीएलनं २००१ मध्ये सुरू केला आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी माऊस पहिल्यांदा त्या वर्गात हातात धरला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच वाटतं, मशीन सुरू होतानाच्या त्या पहिल्या पानाची ओळखही त्याच वर्गात व्हायला हवी. ते पान बदलायला शिकवू नका, नुसतं वाचायला शिकवा. डिस्कचं नाव तिथं दिसतं का, मोड कोणता, आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम काय, तारीख बरोबर आहे का. डिस्कचं नावच दिसत नसेल तर अडचण विंडोजची नाही, केबलची किंवा डिस्कची आहे, एवढं कळलं तरी निम्मी फॉरमॅट वाचतील. पेन ड्राइव्ह मागं तसाच राहिला आणि मशीन त्यातून सुरू व्हायला बघतंय, हे तर पहिली-दुसरीतलं पोरही ओळखेल.

आत एक ओळ स्मार्ट या नावाची असते. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, खराब सेक्टर किती बदलावे लागले वगैरे, आणि ही ओळ चालू असली तर मशीन सुरू होताना बायोस त्या नोंदी बघून इशारा देतं. जुन्या बऱ्याच बोर्डांवर ती बंद असे. भाऊजींचा तिच्यावर फार विश्वास नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. इशारा आला तर त्याच दिवशी प्रत काढा. इशारा आला नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका.

भाऊजी : बरं, लिहू या. पण नुसती चिठ्ठी दिली तर लोक हरवतात.

वहिनी : वॉरंटी कार्ड हरवत नाहीत, चिठ्ठी बरी हरवेल.

भाऊजी : सीपीयूच्या पत्र्याला आतून चिकटवतो. जो कोणी उघडेल त्याला दिसेल.

वहिनी : आतून मेकॅनिकला दिसेल. मला वहीत हवी. आणि पानाचा मोबाईलवर फोटो. बदलायच्या आधीचा एक, नंतरचा एक.

भाऊजी : काय काय लिहायचं?

वहिनी : तुम्ही सांगा, मी लिहिते.

भाऊजींनी सांगितलं ते असं. मशीनचं आणि बोर्डाचं नाव. विंडोज कोणत्या तारखेला टाकलं. त्या दिवशी साटा मोड काय होता. लॅपटॉप असेल तर व्हीएमडी चालू की बंद. बूट यूईएफआयचं की जुन्या लेगसी पद्धतीचं, कारण तेही बदललं तर मशीन सुरू होत नाही. डिस्क किती, कोणत्या क्रमानं. सेल बदलल्याची तारीख. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. पंचवीसहून अधिक वर्षं डोक्यात साठवलेलं ज्ञान ते पहिल्यांदा ओळीनं कुणाला तरी देत होते, आणि त्यात त्यांना आनंद होत होता, असं मला दिसलं. पुण्यात कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, त्यांचे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, हे भाऊजी दुकानातल्या पोरांना नेहमी सांगतात. दुरुस्तीच्या टेबलावरचं ज्ञान किती मोलाचं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

पासवर्डावर मात्र ते ठाम राहिले. केंद्रात पोरं बसतात, तो राहू दे. वहिनींनी मान्य केलं, पण तोही वहीत लिहायचा या अटीवर. त्यांनी लिहिला. मग शेवटचा मुद्दा निघाला.

भाऊजी : तुमच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. त्यात डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकर म्हणतात. बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा डिस्कचं काही हलवलं की ते ४८ अंकी किल्ली मागतं. किल्ली नसेल तर डेटा गेला, मीही काही करू शकत नाही. म्हणून तिथं हात लावायच्या आधी किल्ली हाताशी आहे का बघायचं, आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं.

वहिनी : किल्ली कुठं असते?

भाऊजी : मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे खातं टाकलं, त्यात.

वहिनी : माझ्या लॅपटॉपला कोणतं खातं टाकलंय? मी तर कधी उघडलं नाही.

भाऊजी : तुम्ही रांगेत अडकला होता त्या दिवशी. दुकानातल्या मुलानं टाकलं.

वहिनी : कुणाचं?

भाऊजी : दुकानाचं. सगळ्यांना तेच टाकतो तो, पटकन होतं म्हणून.

वहिनी : सगळ्यांना?

भाऊजींनी मुलाला हाक मारली आणि त्या एका खात्यावर किती लॅपटॉप आहेत ते उघडून बघायला सांगितलं. यादी लांब होती. काही नावं गावातल्या दुकानदारांची, काही मास्तरांची, काही शिकायला पुण्याला गेलेल्या पोरींची. कुणाला माहीत नव्हतं की त्यांच्या डिस्कची किल्ली नातेपुत्यात एका दुकानाच्या मेलमध्ये पडून आहे. तो मुलगा उद्या नोकरीला गेला, खात्याचा पासवर्ड विसरला, तर या सगळ्यांचं काय होईल, हे भाऊजींनी मनात लगेच मोजलं असावं. त्यांनी वहिनींचा लॅपटॉप पुढं ओढला, वहिनींच्याच मोबाईल नंबरावर खातं उघडून दिलं, किल्ली पडद्यावर काढून दाखवली. वहिनींनी ती वहीत उतरवली, सहा-सहा अंकांचे आठ गट, एकेक गट मोठ्यानं वाचून. ही वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही, एवढं भाऊजींनी दोनदा बजावलं. आणि यादीतल्या पहिल्या माणसाला फोन लावला.